डबा सोडणाऱ्या मथुताई

श्रीमती मथुराबाई आपटे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या मथुताई, यांची आणि माझी पहिली भेट दुधाच्या बूथवर झाली. नोएडातले आमचे सेक्टर तेव्हा नुकतेच वसत होते. रस्ते रुंद आणि रिकामे, झाडे गुडघ्याएवढी, वीज मनात येईल तेव्हा येई. यजमानांना नव्या परदेशी कंपनीत नोकरी मिळाली म्हणून आम्ही पार्ल्याचे बिऱ्हाड उचलून इथे आलो होतो. त्या सकाळी टोकनच्या रांगेत माझा मुलगा हट्टाला पेटला होता आणि मी त्याला दबक्या आवाजात मराठीतून दटावत होते. पुढे उभ्या असलेल्या नऊवारीतल्या एक बाई वळल्या. हातात झाकणाची किटली, कपाळ मोकळे, नजर सरळ.

"कुठल्या हो तुम्ही?"

"पार्ल्याच्या."

"मी वाईची. लेकीच्या बाळंतपणाला आले आहे."

दिल्लीच्या थंडीत मराठी कानावर पडल्याचा मला इतका आनंद झाला की मी लगेच चौकशी केली, "अरे वा! कितवा महिना लागलाय?"

मथुताईंनी शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. अंगात शाळेचा गणवेश, पाठीवर दप्तर, पुढचे दात पडलेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं ते. हीच ती. गौरी."

मी हसले. घरी येऊन यजमानांना सांगितले, तेही हसले. पुढे आपल्या मराठी मंडळात ही गोष्ट पोचली आणि वर्षानुवर्षे पुरली. पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेली सरकारी नोकरीतली जुनी दिल्लीकर मंडळी आणि आम्ही कॉर्पोरेटवाले नवे नोएडाकर यांचे एरवी फारसे जमत नसे. पण कोजागरीच्या दुधापाशी "काय मथुताई, बाळंतपण आटोपलं का?" हा विनोद दोन्हीकडच्यांना चाले. मथुताईही हसत. म्हणत, "होत आलंय."

गौरवलेख लिहायला बसलेल्या माणसाचा ऊर अभिमानाने भरून यावा अशी रीत आहे. तो भरून येतोच, पण त्याआधी मला लाज वाटते आहे, आणि ती टाळून पुढे लिहिणे जमणार नाही. आम्ही ज्या वाक्याला हसत होतो, ते त्या बाईंनी अंगाभोवती घट्ट ओढून घेतलेले पांघरूण होते. "मी लेकीकडे राहते" एवढे म्हणणे त्यांना जड जात होते. पंचाहत्तरीच्या या पुस्तकात त्यांच्या कामाविषयी पुष्कळजण लिहितील. मला त्यांच्या या एका अडलेल्या वाक्याविषयी लिहायचे आहे.

मथुताईंचे त्याआधीचे सारे आयुष्य वाईत गेले. तिथल्या मुलींच्या शाळेत त्या शिवण आणि कवायत शिकवत. पण गावात त्यांची ओळख होती ती कृष्णेमुळे. शाळा भरण्याआधी, आणि मेच्या सुटीत तर रोजच, त्या घाटावर मुलींना पोहायला शिकवत. फी नव्हती. अट एकच होती, ती म्हणजे घरून कोणी बघायला यायचे नाही. आईबाप काठावर उभे असले की पोरी घाबरतात, असे त्यांचे ठाम मत. तोंड पक्के बंद केलेला पत्र्याचा रिकामा डबा मुलीच्या पाठीला जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधायचा आणि तिला पाण्यात ढकलायचे. गाठ मारायची ती सुरगाठ, एक टोक ओढले की सुटणारी. मुलगी हातपाय मारू लागली, तिचा श्वास लयीत आला, की मथुताई शेजारून पोहता पोहता हळूच ते टोक ओढत. डबा एकीकडे तरंगत जाई आणि मुलगी दुसरीकडे. मुलीला पत्ता नसे. ती काठाला लागे, पाठ चाचपे आणि मग घाबरून रडू लागे.

"डबा सोडताना सांगायचं नसतं," हा मथुताईंच्या शिक्षणशास्त्राचा पहिला नियम होता, आणि दुसरा नव्हताच. वाईतल्या मायलेकी दोघीही त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकल्या आहेत, अशी कितीतरी घरे आहेत.

त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते. ते गेल्यावर मथुताई घाटाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत एकट्याच राहत आणि मजेत राहत. एकुलती एक लेक शरयू, जावई अनिलराव. दोघांच्या नोकऱ्या इकडे. शरयूताईंना दिवस गेले तेव्हा मथुताई खरोखरच बाळंतपणासाठी निघाल्या. खोल्यांना कुलूप घातले, किल्ली कमरेला अडकवली आणि शेजारणीला सांगितले, "दोन-तीन महिन्यांत येते गं, दाराशी झाडत जा." पण शरयूताईंची रजा संपली, जवळपास पाळणाघर नव्हते आणि बाळ तर आजीच्या कुशीशिवाय झोपत नव्हते. दिवाळीला जाऊ, मग उन्हाळ्यात जाऊ, मग गौरी शाळेत गेली की जाऊ, असे म्हणता म्हणता मथुताईंची वाई सुटली. कोणी सोडायला लावली नाही, आणि त्यांनीही सोडली असे कधी म्हटले नाही.

त्यात एक रिवाज आडवा आला, जो आजच्या तरुण वाचकांना सांगूनही खरा वाटणार नाही. लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा नाही, मुक्काम तर नाहीच नाही. मथुताईंच्या आजी लेकीला भेटायला जाताना प्यायच्या पाण्याचा तांब्या घरून भरून नेत. बाळंतपण हे तेवढे सन्मानाचे निमित्त. ते संपले की आईने आपल्या घरी परतायचे, आणि म्हातारपण लेकीकडे काढले तर लोक जावयाच्या अन्नावर पडली म्हणणार. आता मथुताई काही जुनाट नव्हत्या. ज्या काळात मुलींनी घाटावर पाय धुतले तरी लोक बघत, त्या काळात त्यांनी मुलींना डोहात उतरवले होते. मी एकदा त्यांना धीटपणे विचारले, तर म्हणाल्या, "मला कळतं गं, हे खुळं आहे. पण नुसतं कळून लाज जात नाही."

म्हणून त्यांनी स्वतःचा एक तोडगा काढला होता. आमच्या सेक्टरच्या भिंतीला लागून मूळचे गाव उरले होते, तिथे एका चौधरींच्या घराची वरची खोली त्यांनी पेन्शनीतून भाड्याने घेतली. खाली म्हैस, वर मथुताई. दिवसभर त्या लेकीच्या घरी नात सांभाळत, स्वयंपाक करत, आणि संध्याकाळी शरयूताई आल्या की आपल्या खोलीवर जाऊन वातीच्या स्टोव्हवर स्वतःपुरता भात टाकत. लेकीच्या घरी दुपारचा चहा घेत, तोही स्वतःच्या दुधाचा. ती बूथवरची किटली त्यासाठी होती. मला हा उलगडा फार उशिरा झाला, आणि झाला तेव्हा त्या पहिल्या दिवशीचे माझे हसू मला आठवले.

या व्यवस्थेने सगळेच अवघडले होते. शरयूताईंना वाटे, आई माझ्या घराला परके समजते, माझेच काही चुकते. अनिलराव तर साधा, बोलका माणूस. एकदा माझ्यासमोरच ते काकुळतीला आले. "आई, ऑफिसात लोक विचारतात, सासूबाई कुठे असतात. मी काय सांगू, म्हशीच्या वरच्या मजल्यावर?"

"सांगा, वाईला असतात," मथुताई म्हणाल्या.

"पण तुम्ही तर इथेच उभ्या आहात!"

"मी बाळंतपणाला आले आहे."

एका घरातली तीन माणसे एकमेकांची अब्रू जपत होती आणि तिघेही मनातल्या मनात शरमिंदे होत होते. बाहेरचे आम्ही मात्र हसत होतो.

अशातच आमच्या सेक्टरात क्लब झाला आणि क्लबात निळ्या फरशांचा स्विमिंग पूल. त्याच्या रंगीत जाहिरातीवर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी घरे घेतली होती. दुपारी बायकांची वेळ असे. बायका येत आणि काठावर बसून पाय पाण्यात सोडून गप्पा मारत. मीही त्यातलीच. एके दिवशी मथुताई गौरीला घेऊन आल्या, थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या, आणि कासोटा घट्ट करून सरळ पायऱ्या उतरू लागल्या. पहारेकरी धावत आला.

"माताजी, साडी में अलाउड नहीं है. कॉस्ट्यूम चाहिए."

"ये भी कॉस्ट्यूमच है. कासोटा देखो ना."

बायका फिस्कन हसल्या. माझे कान तापले. निदान आता त्यांनी मला मराठीत हाक मारू नये, असे मला मनापासून वाटले. त्यांनी मारलीच. "अगं, हे पाणी धरून ठेवलंय नुसतं, वाहत नाही!" असे मला ओरडून सांगून त्यांनी पाण्यात अंग सोडले. पाणी उडाले नाही, आवाज झाला नाही. त्या पलीकडच्या भिंतीला लागून परत आल्या तोपर्यंत काठावरच्या गप्पा थांबल्या होत्या. एक पंजाबी शेजारीण हळूच म्हणाली, "आंटीजी, हमें भी सिखा दोगी?"

नियम तो नियम, हे मथुताईंनी लगेच मान्य केले. शरयूताईंनी त्यांना काळ्या नायलॉनचा गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा एक अंगरखा शिवून दिला. "कृष्णामाईने कधी माझं कापड तपासलं नव्हतं," एवढेच म्हणून त्यांनी तो घातला. पत्र्याचे डबे इथे कुठले? त्यांनी घरोघरचे रिफाइंड तेलाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन गोळा केले. काही महिन्यांत आमच्या पूलमध्ये पंजाबी, बंगाली, मराठी, तमिळ अशा बायका पाठीला तेलाचे कॅन बांधून हातपाय मारू लागल्या. काठावर बसायला कोणी उरले नाही.

माझी पाळी सर्वांत शेवटी आली, कारण मी सर्वांत जास्त लाजत होते. चाळिशीला टेकलेले, दोन बाळंतपणांनी सुटलेले शरीर, आणि त्यावर तो चिकटून बसणारा पोशाख. मी टॉवेल छातीशी धरून कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राहिले, ती पुढेच येईना. मथुताई पाण्यातून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "लाज काठावर ठेव. पाण्यात तिला पोहता येत नाही."

"कोणी बघेल ना, ताई."

"बघेल की. मग काय करील? बघून झालं की जेवायला जाईल."

मी टॉवेल ठेवला. त्यांनी माझ्या पाठीला कॅन बांधला, गाठ नीट बसली का ते बोटाने पाहिले, आणि किती दिवस मी मांजरीसारखी पाण्यावर ओरखडे काढत राहिले. मग एका दुपारी मी पलीकडच्या भिंतीला हात लावला, मागे वळले, तर माझा कॅन पार मधोमध तरंगत होता. मी खरेच रडले. मथुताई म्हणाल्या, "अर्ध्यावरच सोडला होता. सांगितलं असतं तर तिथेच बुडली असतीस."

त्यांनी मला पोहण्याबाहेरही तारले आहे. मुले मोठी झाल्यावर मी पुन्हा नोकरी धरली. नव्या कंपनीत सगळे माझ्या निम्म्या वयाचे, आणि मला कॉम्प्युटर सुरू करण्यापलीकडे काही येत नव्हते. पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन राजीनाम्याची भाषा करू लागले. मथुताई दही-साखरेची वाटी घेऊन आल्या होत्या, ती तशीच राहिली. त्यांनी विचारले, "तिथे सगळ्यांत लहान कोण आहे?" मी एका मुलीचे नाव सांगितले. "मग तिला डबा म्हणून बांध. तिच्या शेजारी बस आणि विचार. लाजायचं ते घरी येऊन लाज, मी आहे." मी तसे केले, म्हणून आज मला स्वतःचे निवृत्तीवेतन मिळणार आहे.

एकदा मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघी बसने दिल्लीला निघालो होतो. पुलावर आलो तशी त्यांनी सवयीने पर्समधून नाणे काढले. खाली यमुना काळी पडून, फेस धरून वाहत होती. ताईंनी नाणे टाकले, हात जोडले, पण डोळे मिटून घेतले. मी विचारले, काय झाले? म्हणाल्या, "अशा अवस्थेत हिच्याकडे कसं बघायचं? हिची लाज आपण राखायची, तर आपणच..." वाईच्या आठवणीने हळवे होताना मी त्यांना कधी पाहिले नाही, पण त्या दिवशी त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर होता.

वाईला त्या जात का नव्हत्या, हे मला पुढे कळले. हिवाळ्यात घाटाघाटांवर कृष्णाबाईचा उत्सव होतो, गावाबाहेर गेलेली माणसे त्यासाठी परततात. अनिलराव दरवर्षी तिकिटे काढून देतो म्हणत. ताई दरवर्षी काहीतरी कारण काढत. "गेले की विचारतील, कधी आलीस, किती दिवस आहेस, असतेस कुठे. शिकवलेल्या पोरींसमोर मी खोटं बोलू का? आणि खरं कसं बोलू?" ज्या गावावर त्यांनी जीव टाकला, त्या गावाला तोंड दाखवायची त्यांना चोरी झाली होती. आणि त्यांनी कुणाचे काही वाईट केले नव्हते. फक्त लेकीजवळ राहिल्या होत्या.

मग ती थंडी आली. धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. पहाटे खोलीचा जिना उतरताना मथुताई घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चौधरी आणि त्यांच्या दोन मुलांनी त्यांना खाटेसकट उचलून लेकीच्या दारी आणले. वेदनेतही ताई म्हणत होत्या, "यहां नहीं, दवाखाना ले चलो." ऑपरेशन झाले आणि त्या घरी आल्या, म्हणजे अर्थातच शरयूताईंच्या घरी. दुसरा इलाज नव्हता.

ते दिवस मी जवळून पाहिले. शरयूताईंनी मोठी रजा टाकली. त्या आईला तेल लावत, गरम पाण्याने अंग पुसत, शेगडीचा शेक देत, डिंकाचा लाडू भरवत. जे जे मथुताईंनी एकेकाळी लेकीचे केले होते, ते ते सगळे लेक आईचे करत होती. ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहत. बेडपॅन घेताना पदर तोंडावर ओढत. एकदा मी खोलीत असताना त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "अनिलराव घरात आहेत का गं? नसतील तेव्हाच मला उठवत जा." एवढ्या पोरींना भर पाण्यात निर्भय करणाऱ्या या बाई आपल्याच लेकीच्या घरात अशा आकसून पडलेल्या बघवत नव्हत्या.

हळूहळू त्या भिंत धरून उभ्या राहिल्या, मग काठी घेऊन चालू लागल्या. एका रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्याभोवती बसलो असताना त्यांनी जाहीर केले, "आता मला चालता येतं. उद्यापासून मी माझ्या खोलीवर."

शरयूताईंनी माझ्याकडे पाहिले, मी खिडकीबाहेर पाहिले. आमच्या सगळ्यांच्या पोटात एक गुपित होते. ते पोरीला पेलले नाही.

"आजी, यार, कुठली खोली?" गौरी म्हणाली. "मम्मीने तर ती कधीच खाली करून टाकली."

मथुताईंनी लेकीकडे पाहिले. शरयूताईंनी मान हलवली. "हो आई. सोडली."

"कधी?"

"तू पहिल्यांदा भिंत धरून उभी राहिलीस, त्या दिवशी."

"मला न विचारता?"

"डबा सोडताना सांगायचं नसतं. तूच म्हणतेस ना?"

त्याच वेळी अनिलराव स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांच्या हातात तो वातीचा स्टोव्ह होता. इतके दिवस त्यांनी तो माळ्यावर लपवला होता, आणि आता लपवण्यात अर्थ उरला नाही म्हणून काढून आणला होता. पण ठेवायचा कुठे ते न कळून ते तसेच उभे राहिले. ताईंची तुळस माझ्या गॅलरीत होती, पेटी शरयूताईंच्या पलंगाखाली. त्या कटात आम्ही सगळेच होतो, चौधरीसुद्धा.

मथुताईंचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथे वाईची किल्ली होती. तिच्याशेजारची, चौधरींकडच्या खोलीची किल्ली नव्हती. काठाला लागलेल्या पोरी पाठ चाचपतात, तशा त्या कमर चाचपत राहिल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला.

"शरयू, मला फार लाज वाटते गं."

"वाटू दे," शरयूताई म्हणाल्या. त्याही रडत होत्या. "माझ्या घरात बसून वाटू दे. म्हशीच्या डोक्यावर बसून नको."

त्यानंतर बरेच दिवस मथुताई आमच्यापैकी कोणाशी धड बोलल्या नाहीत. जेवत, पण चहा घेत नसत. मग एका सकाळी गौरीने मला फोन करून सांगितले, "मावशी, आजीने आज स्वतः म्हटलं, 'शरयू, चहा टाक.' आणि दुधाची किटली मला दिली, रंगाचे ब्रश ठेवायला." या फोनची गोष्ट मी मंडळात सांगितली, तेव्हा कोणी हसले नाही. बाळंतपणाचा विनोदही त्या दिवसापासून बंद झाला. आम्हाला तेवढी तरी लाज उरली होती, याचे मला बरे वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या संमतीने मथुताई पुन्हा पाण्यात उतरल्या. काठी काठावर, ताई पाण्यात. आजही आठवड्यातून काही दुपारी त्या शिकवतात. त्यांच्या पहिल्या शिष्यांच्या मुली आता कॅन बांधून घेतात. वाईच्या खोल्यांची किल्ली अजून त्यांच्या कमरेला आहे, आणि ती कोणी सोडवायची नाही, असे आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवले आहे.

या पुस्तकाची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा वाईच्या आणि नोएडाच्या शिष्यांत एका ओळीवरून घोळ झाला. पहिल्या पानावरच्या छायाचित्राखाली ताईंचा परिचय काय द्यायचा? 'मूळच्या वाईच्या, सध्या नोएडा' असे कोणी सुचवले, 'वाईकर' एवढेच पुरे असे कोणी म्हटले. शेवटी मी त्यांनाच विचारायला गेले. त्या जेवणाच्या टेबलापाशी बसल्या होत्या, समोर शरयूताईंनी केलेला चहा. वाईचे सगळे लोक हे पुस्तक वाचणार आहेत, हेही मी सांगितले. मला वाटले, त्या 'बाळंतपणाला आलेल्या' असेच म्हणतील, आणि म्हटल्या असत्या तर मी तेच छापले असते.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लिही. मथुरा आपटे, वाईच्या. लेकीकडे असतात."

मी लिहून घेतले. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला.

"असतात नको," त्या म्हणाल्या. "राहतात, असं लिही."

"नक्की ना, ताई?"

"लाज वाटते गं अजून. पण ठेवली आहे काठावर."

तीच ओळ आता पहिल्या पानावर आहे. वाईच्या मंडळींना सहज दिसावी म्हणून ती थोड्या मोठ्या अक्षरांत घेतली आहे. मथुताईंना निरोगी शतायुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि त्यांची नजर अशीच शाबूत राहो, अजून पुष्कळ पोरींच्या पाठीवरचे डबे त्यांच्या हातून नकळत सुटोत. यंदाच्या हिवाळ्यात कृष्णाबाईच्या उत्सवाला त्या वाईत येणार आहेत. तिकिटे अनिलरावांनी काढली आहेत. वाईकरहो, ताई घाटावर भेटल्या तर त्यांना जरूर विचारा, हल्ली असता कुठे. त्यांना उत्तर द्यायचे आहे.